श्वास रोखून दिला जाणारा किरणोपचार आणि शरीरपृष्ठाच्या हालचालींचे मापन : उदरातील कर्करोगाच्या संदर्भात

गोषवारा

यकृत, स्वादुपिंड यांसारख्या उदरातील अवयवांच्या कर्करोगावर किरणोपचार करताना श्वसनामुळे होणारे अवयवांचे स्थानांतर ही एक मोठी अडचण असते. ती कमी करण्यासाठी रुग्णास काही सेकंद श्वास रोखून धरावयास सांगितले जाते व तेवढ्याच अवधीत किरण सोडले जातात. श्वास ठरल्याप्रमाणे रोखला गेला आहे किंवा नाही, याची खात्री करण्यासाठी शरीरपृष्ठाचे प्रकाशीय मापन करण्याची पद्धत आता प्रचलित झाली आहे. प्रस्तुत लेखात या मापनामागील तत्त्व, त्याची कार्यपद्धती आणि त्याच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. पृष्ठभाग हलला असता अर्बुद ठरल्या जागी नाही असे मानून किरण थांबविणे योग्य असते. परंतु पृष्ठभाग स्थिर आहे एवढ्यावरून अर्बुदही ठरलेल्या जागी आहे असा निष्कर्ष काढता येत नाही, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : किरणोपचार, श्वासधारण, शरीरपृष्ठ मापन, स्वादुपिंड, यकृत, श्वासपटल

१. प्रस्तावना

शस्त्रक्रिया, औषधोपचार आणि किरणोपचार हे कर्करोगावरील उपचारांचे तीन प्रमुख मार्ग मानले जातात. यांपैकी किरणोपचाराचे मूलतत्त्व सांगावयास सोपे, परंतु आचरणात आणावयास कठीण आहे. अर्बुदास पुरेशी मात्रा मिळावी आणि त्याच्या शेजारच्या निरोगी ऊतींना ती शक्य तितकी कमी मिळावी, एवढेच ते तत्त्व होय. मेंदूसारख्या कवटीत बंदिस्त असलेल्या अवयवाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी साधता येते. उदरातील अवयव मात्र प्रत्येक श्वासाबरोबर खाली-वर होत असतात. लक्ष्यच स्थिर नसेल तर अचूक नेम धरूनही फारसा उपयोग होत नाही.

स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे उदाहरण घेतल्यास या अडचणीचे गांभीर्य ध्यानात येते. स्वादुपिंडाचे शीर्ष हे आद्यांत्राच्या, म्हणजे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाच्या, वळणात वसलेले असते. दोहोंमध्ये मोकळी जागा जवळजवळ नसतेच. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या अशा अर्बुदावर मोजक्या सत्रांत मोठी मात्रा देण्याची पद्धत आज वापरली जाते. ५ सत्रांत एकूण ३३ ते ४० ग्रे ही मात्रा त्यासाठी अनेक ठिकाणी स्वीकारली गेली आहे. याउलट, अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, ५ सत्रांच्या उपचारात आद्यांत्राच्या कोणत्याही बिंदूस मिळणारी एकूण मात्रा ३२ ग्रेच्या आत राहणे इष्ट मानले जाते. ही मर्यादा ओलांडल्यास व्रण, रक्तस्राव, क्वचित आतड्यास छिद्र पडणे असे गंभीर परिणाम संभवतात. अर्बुदास द्यावयाची किमान मात्रा आद्यांत्रास सोसणाऱ्या कमाल मात्रेहून अधिक आहे आणि दोन्ही ऊती परस्परांना चिकटून आहेत, अशी ही स्थिती आहे. येथे चार-पाच मिलिमीटरांची चूकही क्षुल्लक राहत नाही.

२. श्वसन आणि उदरातील अवयवांचे स्थानांतर

छाती आणि उदर यांच्यामध्ये श्वासपटल हा घुमटाकार स्नायू असतो. श्वास घेताना तो आकुंचन पावून खाली सरकतो व श्वास सोडताना वर येतो. यकृत, जठर, प्लीहा, स्वादुपिंड आणि मूत्रपिंडे त्याच्या खाली असल्यामुळे तीही त्याच्याबरोबर खाली-वर होतात. हे स्थानांतर प्रामुख्याने डोक्याकडून पायांकडे, म्हणजे शरीराच्या लांबीच्या दिशेने होते. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शांत श्वसनाच्या वेळी हे स्थानांतर यकृताच्या बाबतीत सरासरी २५ मिलिमीटर, तर स्वादुपिंडाच्या बाबतीत सरासरी २० मिलिमीटर आढळले होते. दीर्घ श्वसनात हेच आकडे अनुक्रमे ५५ आणि ४३ मिलिमीटर होते. व्यक्तिव्यक्तींतील फरकही मोठा होता.

अशा हलत्या अर्बुदावर कोणतीही विशेष योजना न करता उपचार करावयाचे झाल्यास, त्याच्या सर्व संभाव्य स्थानांना सामावून घेणारा मोठा प्रदेश किरणांच्या कक्षेत घ्यावा लागतो. अर्बुदाभोवती ठेवल्या जाणाऱ्या या जादा पट्ट्याला सुरक्षापट्टा म्हणता येईल. त्याची किंमत साध्या गणिताने कळते. ४ सेंटिमीटर व्यासाच्या गोलाकार अर्बुदाचे घनफळ सुमारे ३३.५ घन सेंटिमीटर भरते. त्याभोवती सर्व बाजूंनी ५ मिलिमीटरचा सुरक्षापट्टा ठेवल्यास किरणित प्रदेशाचे घनफळ ६५.४ घन सेंटिमीटर होते. पट्टा १० मिलिमीटरचा केल्यास ते ११३.१ घन सेंटिमीटरवर जाते. म्हणजे पट्टा दुप्पट करताच प्रत्यक्ष अर्बुदाच्या तिपटीहून अधिक प्रदेश किरणांखाली येतो व त्यातील बहुतेक भाग निरोगी ऊतींचा असतो. सुरक्षापट्टा कमी करता आला तरच अर्बुदाची मात्रा वाढविणे शक्य होते, आणि तो कमी करण्यासाठी हालचाल आटोक्यात आणावी लागते.

३. श्वासधारणाच्या कल्पनेचा विकास

हालचालीवर उपाय करण्याचे दोन मार्ग संभवतात. पहिल्या मार्गात रुग्ण नेहमीप्रमाणे श्वास घेत राहतो व श्वसनचक्राच्या ठरावीक टप्प्यातच किरण सोडले जातात. जपानमधील त्सुकुबा येथील संशोधकांनी श्वसनाशी अशी सांगड घातलेल्या किरणोपचाराची माहिती १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. दुसऱ्या मार्गात रुग्ण स्वतःच काही सेकंद श्वास रोखतो आणि त्या अवधीत अवयवांची हालचाल थांबेल अशी अपेक्षा असते. १९९९ मध्ये अमेरिकेतून या दिशेने दोन महत्त्वाचे प्रयत्न पुढे आले. न्यूयॉर्क येथील मेमोरियल स्लोन-केटरिंग कर्करोग केंद्रात रुग्णांनी दीर्घ श्वास घेऊन तो स्वतः रोखण्याची पद्धत वापरली गेली. मिशिगन राज्यातील विल्यम बोमाँट रुग्णालयात फुप्फुसातील हवेचे आकारमान मोजून, ठरावीक आकारमानाशी श्वासनळीची झडप बंद करणारे उपकरण वापरले गेले. त्याच संघटनेच्या २००६ च्या अहवालात, श्वसनामुळे अर्बुदाचे स्थानांतर ५ मिलिमीटरपेक्षा अधिक होत असल्यास अशा उपायांचा विचार करावा, अशी शिफारस करण्यात आली.

श्वासधारणाचे दोन प्रकार आहेत. श्वास आत घेऊन रोखणे व श्वास सोडून रोखणे. योगशास्त्राशी परिचित असलेल्या वाचकास आंतर कुंभक आणि बाह्य कुंभक यांची येथे आठवण होईल. अर्थात साम्य केवळ बाह्य क्रियेपुरते आहे. पहिला प्रकार रुग्णास सोपा जातो व अधिक वेळ टिकतो. दुसऱ्या प्रकारात श्वासपटल आपल्या स्वाभाविक विश्रामस्थितीजवळ असल्यामुळे ते प्रत्येक वेळी जवळजवळ त्याच जागी येण्याची शक्यता अधिक असते. परंतु तेथे श्वास फार काळ रोखणे कठीण जाते. उदरातील अर्बुदांसाठी अनेक केंद्रे म्हणूनच दुसरा प्रकार पसंत करतात.

एकदा श्वास रोखून काम भागत नाही, ही गोष्ट येथे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. सर्वसाधारण रेषीय त्वरक यंत्राचा फिरता बाहू रुग्णाभोवती एक पूर्ण फेरी करण्यास सुमारे एक मिनिट घेतो. रुग्ण २० सेकंद श्वास रोखू शकत असेल तर एका फेरीसाठी किमान ३ श्वासधारणे लागतात. उपचार दोन फेऱ्यांचा असेल तर ६, आणि ५ सत्रांचा विचार करता ३०. स्थाननिश्चितीसाठी घ्यावयाच्या चित्रणाची श्वासधारणे याहून वेगळी. या प्रत्येक वेळी अर्बुद त्याच जागी आले पाहिजे. श्वासधारणाची खरी कसोटी अवधीत नसून पुनरावर्तनात आहे.

४. शरीरपृष्ठ मोजण्याची पद्धत

रुग्णाने श्वास ठरल्याप्रमाणे रोखला आहे हे बाहेरून कसे ओळखावयाचे? आरंभीच्या काळात पोटावर परावर्तक ठिपके असलेला लहान ठोकळा ठेवून अवरक्त कॅमेऱ्याने त्याची उंची मोजली जात असे. ही पद्धत आजही वापरात आहे. तीत मोठ्या पृष्ठभागाचे प्रतिनिधित्व एकच जागा करते. २००० नंतरच्या दशकात संपूर्ण पृष्ठभागाचे त्रिमितीय मापन करणाऱ्या प्रकाशीय प्रणाली पुढे आल्या. लंडन येथे विकसित झालेली अलाइनआरटी आणि स्वीडनमधील उप्साला येथे विकसित झालेली कॅटलिस्ट ही त्यांची परिचित उदाहरणे होत.

या प्रणालींचे तत्त्व भूमापनातील त्रिकोणमितीहून वेगळे नाही. उपचारकक्षाच्या छताला बसविलेल्या एककातून रुग्णाच्या त्वचेवर प्रकाशाची एक आकृती टाकली जाते. तिच्यावरील एकच बिंदू वेगवेगळ्या कोनांतून कोठे दिसतो, यावरून त्या बिंदूचे अंतर गणिताने काढता येते. असे हजारो बिंदू एकत्र येऊन शरीरपृष्ठाचा त्रिमितीय आकार तयार होतो. सामान्यतः अशी तीन एकके बसविली जातात, कारण यंत्राचा बाहू फिरताना त्यांपैकी एखाद्याची दृष्टी अडवतो.

प्राप्त झालेल्या पृष्ठाची तुलना आधी नोंदविलेल्या संदर्भपृष्ठाशी केली जाते. संदर्भपृष्ठ नियोजनाच्या सीटी स्कॅनमधील शरीराच्या बाह्यरेषेवरून घेता येते, किंवा त्याच कॅमेऱ्यांनी टिपलेले असू शकते. दोन्ही पृष्ठे परस्परांवर उत्तम रीतीने जुळण्यासाठी किती सरकवावे आणि किती फिरवावे लागेल, हे संगणक सहा संख्यांत सांगतो. तीन संख्या तीन दिशांतील सरकण्याच्या आणि तीन संख्या तीन अक्षांभोवती फिरण्याच्या. ही तफावत ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर, उदाहरणार्थ २ किंवा ३ मिलिमीटरांबाहेर, गेली की किरणशलाका आपोआप थांबविता येते.

या पद्धतीचे गुण उघड आहेत. तिच्यात रुग्णास जादा किरणमात्रा मिळत नाही, शरीरास कशाचा स्पर्श होत नाही आणि मापन उपचाराच्या संपूर्ण काळात अखंड चालते. रुग्ण खोकला, दचकला अथवा त्याचा श्वास सुटला तर ते तत्काळ कळते. डाव्या स्तनाच्या कर्करोगात, हृदयास किरणांपासून दूर ठेवण्यासाठी, ही पद्धत विशेष उपयुक्त ठरली आहे. तेथे तिच्या यशाचे कारण सरळ आहे. जे लक्ष्य आहे ते जवळजवळ पृष्ठभागावरच असते. उदराच्या बाबतीत हे गृहीतक लागू पडत नाही. तेथे पृष्ठभाग मोजला जातो व लक्ष्य खोलवर असते.

५. पृष्ठभाग आणि अंतर्भाग : संबंधाच्या मर्यादा

पृष्ठभागाचे मापन हे अर्बुदाच्या स्थानाचे मापन नसून त्याचे एक दर्शक आहे. दर्शक आणि दर्शविलेली वस्तू यांच्यातील संबंध कोठे सैल पडतो, हे पुढील चार मुद्द्यांवरून स्पष्ट होईल.

(अ) दिशेची अडचण : अर्बुद मुख्यतः डोक्याकडून पायांकडे सरकते, पोटाची त्वचा मात्र मुख्यतः वर उचलली जाते व खाली बसते. शिवाय पोटाचा पृष्ठभाग बराचसा गुळगुळीत व वैशिष्ट्यहीन असतो. एखादे गुळगुळीत नळकांडे त्याच्या लांबीच्या दिशेने थोडे सरकविले, तर त्याच्या आकाराकडे पाहून ते सरकले हे ओळखता येत नाही. पोटाच्या बाबतीत थोड्याफार प्रमाणात असेच घडते. ज्या दिशेत अर्बुदाची हालचाल सर्वाधिक, नेमक्या त्याच दिशेत पृष्ठमापन सर्वांत दुबळे ठरते. म्हणून मापनासाठी निवडलेल्या क्षेत्रात केवळ पोट न घेता बरगड्यांची खालची कड, उरोस्थीचे टोक असे उंचसखल भागही घेणे हितावह असते.

(आ) श्वास घेण्याच्या रीतीची अडचण : १९६७ मध्ये कोनो आणि मीड या संशोधकांनी श्वसनक्रियेत छातीचा पिंजरा व उदर हे दोन घटक बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे हलतात, असे दाखवून दिले. तेवढीच हवा बरगड्या उचलून आत घेता येते आणि श्वासपटल खाली दाबूनही घेता येते. एवढेच नव्हे, तर घसा बंद ठेवून, हवेचे एकूण आकारमान न बदलता, पोट आत ओढून छाती फुगविता येते. अशा वेळी श्वासपटलाची जागा बदलते, परंतु फुप्फुसातील हवा तेवढीच राहते. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. केवळ हवेचे आकारमान मोजणारे उपकरण श्वासपटलाच्या स्थानाची पूर्ण हमी देऊ शकत नाही. आणि पोटावरची एकच जागा मोजणारे उपकरणही ती देऊ शकत नाही. छाती व उदर दोन्ही एकाच वेळी पाहणारे पृष्ठमापन या बाबतीत अधिक सुरक्षित असते, कारण श्वासाची रीत बदलल्याचे त्यात दिसू शकते. तरीही ठरलेली उंची गाठण्यासाठी रुग्णाने पोटाचे स्नायू ताणले किंवा पाठीची कमान केली, तर पृष्ठभाग मर्यादेत येतो आणि अर्बुद मात्र येत नाही.

(इ) प्रमाणाची अडचण : समजा, एखाद्या रुग्णात पोटाची त्वचा १० मिलिमीटर उचलली जाते तेव्हा अर्बुद २० मिलिमीटर खाली सरकते. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. अशा रुग्णाच्या बाबतीत पृष्ठभागावर दोन्ही बाजूंस २ मिलिमीटरांची सूट ठेवली तर आत ती ४ मिलिमीटरांची होते. पडद्यावर दिसणारी सूट लहान असली तरी प्रत्यक्षातील सूट दुप्पट असते. हे प्रमाण प्रत्येक रुग्णात वेगळे असते. म्हणून सर्वांना एकच मर्यादा लावणे शास्त्रीय दृष्ट्या समर्थनीय ठरत नाही.

(ई) काळाची अडचण : श्वास रोखला तरी शरीराचा प्राणवायूचा वापर थांबत नाही. विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ व्यक्ती मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू वापरते. म्हणजे २० सेकंदांत सुमारे ८० मिलिलिटर. त्या प्रमाणात कार्बन डायऑक्साइड फुप्फुसात परत येत नाही, कारण त्याचा बराच भाग रक्तात व ऊतींत साठून राहतो. परिणामी फुप्फुसांचे आकारमान हळूहळू घटते आणि श्वासपटल किंचित वर सरकण्याकडे कल राहतो. नेदरलँड्समधील ॲम्स्टरडॅम येथील संशोधकांनी स्वादुपिंडातील अर्बुदात बसविलेले सूक्ष्म धातुकण क्ष-किरण चलच्चित्रणात पाहिले. श्वास रोखलेला असतानाही अर्बुदाची हालचाल लक्षणीय असू शकते, असे त्यांनी २०१६ मध्ये नोंदविले. दिवसागणिक होणारे बदल याहून निराळे. जठरातील अन्न, आतड्यांतील वायू, जलोदर आणि या रोगात वारंवार आढळणारी वजनातील घट यांमुळे पहिल्या दिवशीचे संदर्भपृष्ठ चौथ्या दिवशी त्याच रुग्णाचे राहिलेले नसते.

या शेवटच्या मुद्द्यास एका जुन्या, परंतु मोलाच्या अभ्यासाचा आधार आहे. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांत झडपेच्या उपकरणाने श्वास रोखून श्वासपटलाचे अस्थींच्या सापेक्ष स्थान मोजले व त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध केले. एकाच सत्रातील निरनिराळ्या श्वासधारणांत हा फरक प्रमाण विचलनाच्या रूपात सरासरी २.५ मिलिमीटर होता. निरनिराळ्या दिवसांच्या सत्रांत मात्र तो सरासरी ४.४ मिलिमीटर आढळला. येथे पृष्ठमापन नव्हे, तर हवेचे आकारमान वापरले होते, हे खरे. परंतु बोध दोहोंस सारखाच लागू होतो. एका दिवसात रुग्ण स्वतःशी बऱ्यापैकी सुसंगत असतो; एका दिवसाकडून दुसऱ्या दिवसाकडे जाताना ही सुसंगती उणावते. म्हणून काल जुळलेला संबंध आज जुळेलच, असे मानता येत नाही.

६. उपचाराची सुरक्षित मांडणी

वरील मर्यादांमुळे पृष्ठमापन निरुपयोगी ठरत नाही. त्याचे योग्य स्थान तेवढे निश्चित होते. त्याच संघटनेने २०२२ मध्ये पृष्ठमापनाधारित किरणोपचारावर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला असून, युरोपातील किरणोपचारतज्ज्ञांच्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वेही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली आहेत. पृष्ठमापनाची जोड अंतर्गत चित्रणाशी घातलेली सुरक्षित मांडणी सामान्यतः पुढीलप्रमाणे असते.

प्रथम, नियोजनाच्या वेळी श्वास रोखून एकाहून अधिक वेळा सीटी स्कॅन घेतले जाते. त्यावरून त्या विशिष्ट रुग्णात अर्बुद किती निष्ठेने आपल्या जागी परत येते, हे कळते. ज्याच्या बाबतीत ते परत येत नाही, त्याच्यासाठी वेगळी पद्धत निवडणे श्रेयस्कर असते. दुसरे, अर्बुदात किंवा त्याच्या निकट क्ष-किरणांत दिसणारी खूण ठेवली जाते. स्वादुपिंडात एंडोस्कोपीच्या साहाय्याने सुवर्णकण बसविता येतात. पित्तनलिकेत आधीच नळी बसविलेली असेल तर तिचाही उपयोग होतो. यकृताच्या बाबतीत श्वासपटलाचा घुमट हा जवळचा दर्शक ठरतो.

तिसरे, प्रत्येक सत्राच्या आरंभी श्वास रोखलेल्या स्थितीत यंत्रावरच त्रिमितीय क्ष-किरण चित्रण करून अर्बुदाचे किंवा खुणेचे स्थान तपासले जाते व उपचारमंच आवश्यक तेवढा सरकविला जातो. ही दुरुस्ती झाल्यानंतर त्या दिवसाचे नवे संदर्भपृष्ठ टिपले जाते, हा या मांडणीतील कळीचा टप्पा होय. आता पृष्ठमापनास अर्बुद कोठे आहे हे सांगावयाचे नसते. अर्बुद योग्य जागी असल्याची खात्री झाली त्या क्षणाची शरीरस्थिती टिकून आहे काय, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर त्याने द्यावयाचे असते. चौथे, उपचार चालू असताना अधूनमधून क्ष-किरणांनी खुणेची फेरतपासणी केली जाते.

अर्बुदाकडे प्रत्यक्ष पाहण्याचा आणखी एक मार्ग आता उपलब्ध आहे. एमआरआय व किरणयंत्र एकत्र असलेल्या प्रणालीवर अमेरिकेतील सेंट लुइस येथे २०१४ मध्ये रुग्णांवर उपचार सुरू झाले; अशाच संयुक्त प्रणालीचा रेषीय त्वरकावर आधारलेला दुसरा प्रकार २०१७ मध्ये नेदरलँड्समधील युट्रेख्ट येथे प्रथम वापरला गेला. येथे उपचार चालू असतानाच उदराच्या आतील चित्र दिसते. तथापि ही यंत्रे अत्यंत महाग असल्यामुळे बहुसंख्य रुग्णांचे उपचार सामान्य रेषीय त्वरकांवरच होतात. त्यामुळे पृष्ठभाग व क्ष-किरण यांची सांगड हाच व्यवहार्य मार्ग राहतो.

७. रुग्णाचा सहभाग

किरणोपचाराच्या इतर बहुतेक पद्धतींत रुग्णाने केवळ निश्चल पडून राहावयाचे असते. श्वासधारणात मात्र तो उपचाराचा सक्रिय भागीदार असतो. अशक्त, वेदनाग्रस्त व भयभीत व्यक्तीने बंद कक्षात एकटे पडून, सूचनेबरहुकूम, पुनःपुन्हा तंतोतंत तेवढाच श्वास रोखावा, ही अपेक्षा लहान नाही. म्हणून नियोजनापूर्वी काही दिवस सराव करून घेणे आवश्यक ठरते. रुग्णास डोळ्यांसमोरच्या पडद्यावर स्वतःच्या श्वासाची पातळी दाखविल्यास तो ती अधिक अचूकतेने राखू शकतो. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी तर २०१६ मध्ये, प्राणवायू आणि यांत्रिक श्वसनाचे साहाय्य देऊन कर्करोगाचे रुग्ण एका दमात पाच मिनिटांहून अधिक काळ सुरक्षितपणे श्वास रोखू शकतात, असे दाखवून दिले.

सूचनांची भाषा हाही दुय्यम प्रश्न नव्हे. मुंबईसारख्या शहरातील मोठ्या कर्करोग रुग्णालयांत अनेक प्रांतांतून रुग्ण येतात. 'श्वास घ्या, सोडा, आता धरा' ही सूचना ज्या भाषेत व ज्या लयीत सरावाच्या वेळी दिली गेली, त्याच भाषेत व त्याच लयीत ती प्रत्येक सत्रात मिळाली पाहिजे. 'श्वास धरा' या शब्दांवरून कोणी आधी खोल श्वास घेईल, तर कोणी आहे त्या स्थितीत थांबेल; दोहोंत श्वासपटलाच्या जागेचा फरक काही सेंटिमीटरांचा असू शकतो. तसेच मापनासाठी छाती व उदर उघडे ठेवावे लागत असल्यामुळे, विशेषतः स्त्रीरुग्णांच्या संकोचाची जाणीव ठेवून कक्षाची व्यवस्था करणे अगत्याचे आहे. संकोचाने आखडलेले शरीर नैसर्गिक रीतीने श्वास घेत नाही. त्यामुळे येथे सौजन्य आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत.

८. निष्कर्ष

शरीरपृष्ठाचे मापन उदरातील किरणोपचारात एका साक्षीदाराची भूमिका बजावते. त्याच्या साक्षीचे मोल दोन्ही बाजूंनी सारखे नसते. पृष्ठभाग ठरल्या मर्यादेबाहेर गेल्याचे ते सांगते तेव्हा त्यावर विश्वास ठेवून किरण थांबवावेत, कारण ही सूचना चुकीची असली तरी आणखी एका श्वासधारणापलीकडे काही गमावले जात नाही. याउलट, सर्व ठीक असल्याचे ते सांगते तेव्हा ती साक्ष तात्पुरती मानावी, कारण ती चुकीची निघाल्यास अर्बुदाचा काही भाग मात्रेवाचून राहतो आणि तीच मात्रा आद्यांत्रास किंवा जठरास भोवते. ही तात्पुरती साक्ष ग्राह्य ठरविण्यासाठी त्याच दिवशीचे, त्याच रुग्णाचे, शरीराच्या आतील चित्रण आवश्यक असते.

जी गोष्ट प्रत्यक्ष मोजता येत नाही तिच्याऐवजी मोजता येणारी जवळची गोष्ट निवडणे, ही सर्वच विद्याशाखांची गरज आहे. असा दर्शक वापरताना त्याचा मूळ वस्तूशी असलेला संबंध वारंवार तपासण्याचे बंधनही त्याबरोबर येते. पडद्यावरची हिरवी रेषा स्थिर दिसत असतानाही तंत्रज्ञाने पुढचे क्ष-किरण चित्र घेणे, हेच ते बंधन पाळणे होय. आणि स्वादुपिंडाच्या रुग्णाच्या बाबतीत त्याचे आद्यांत्र सुरक्षित राहणे बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असते.